दादाचे पाय आणि राज्याची सीमा

२०१४ पासून माझ्या दादाचे पाय रात्री आखडतात. बहुतेक एक-दीडच्या सुमाराला. पोटरीत गोळा येतो तसं नाही हे. दोन्ही पाय लाकडासारखे ताठ होतात, गुडघे एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि वहिनीला उठून ते हाताने सोडवावे लागतात. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. सकाळी तिला ऑफिस असतं. दादाला मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे, घरात आम्ही एमएस म्हणतो. निदान झालं तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. साताऱ्यात असताना रोज पहाटे अजिंक्यतारा चढून यायचा, मग आंघोळ करून कॉलेजला.

दादा अटलांटाजवळ राहतो, जॉर्जिया राज्यात. मी पेन्सिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला. मी फार्मसिस्ट आहे, औषधं हा माझा रोजचा धंदा. मेडिकल मारिजुआना, म्हणजे औषध म्हणून वापरायचा गांजा, कोणाला मिळतो, कसा मिळतो, हे गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या चार-पाच मराठी घरांतून मला विचारलं गेलं. कोणाच्या आईला केमोनंतर उलट्या थांबत नाहीत, कोणाच्या सासऱ्यांना पार्किन्सन्स आहे. प्रत्येक वेळी आवाज खाली करून विचारलं. म्हणून हे एकदा सविस्तर लिहिते आहे, दादाची परवानगी घेऊन.

माझं मत आधीच सांगते. हे औषध कोणाला द्यायचं ते त्या रुग्णाच्या डॉक्टरने ठरवावं. विधिमंडळाने मतदान करून आजारांची यादी करू नये. आणि हे औषध घेता यावं म्हणून राज्याने रुग्णाला दिलेल्या कार्डावर केंद्राने माणसाला अडकवू नये. या दोन्ही गोष्टी आज होतात, आणि त्यात आपल्यासारखी बाहेरून आलेली कुटुंबं सगळ्यात जास्त भरडली जातात.

जॉर्जियाचा कायदा २०१५ चा. हेली नावाच्या एका लहान मुलीला दिवसाला कित्येक झटके यायचे, तिच्यासाठी आईवडिलांनी लढून तो करून घेतला, म्हणून त्याला 'हेलीज होप अ‍ॅक्ट' म्हणतात. त्या आईवडिलांबद्दल मला फार आदर आहे. या कायद्याने पाच टक्क्यांपर्यंत टीएचसी, म्हणजे गांजातला झिंग आणणारा घटक, असलेलं तेल जवळ बाळगायची मुभा दिली, वीस फ्लुइड आउन्सपर्यंत. कोणाला, तर यादीतल्या आजारांच्या रुग्णांना. एमएस यादीत होता. पण त्याच्यापुढे शब्द होते: 'गंभीर किंवा अंतिम अवस्थेतला'.

२०१६ मध्ये दादाने त्याच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारलं. बाई अतिशय सज्जन, दादाला आजही त्यांच्याबद्दल जिव्हाळा आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही काठी घेऊन का होईना, चालत माझ्या खोलीत आलात. मी सरकारी फॉर्मवर 'गंभीर' कसं लिहू? त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सही त्यांची, परवाना त्यांचा. पण दादाला घरी येऊन वहिनीला सांगावं लागलं की आपला आजार अजून पुरेसा वाढलेला नाही. त्या रात्रीही पाय आखडलेच.

त्याच सुमाराला, एप्रिल २०१६ मध्ये, आमच्या पेन्सिल्व्हेनियात कायदा झाला. सुरुवातीच्या यादीत सतरा आजार, त्यात एमएस. नुसता एमएस, मागेपुढे काही विशेषण नाही. नदीपलीकडे न्यू जर्सीत तर २०१० पासून कायदा होता. ओक्लाहोमाने २०१८ मध्ये मतदानाने कायदा केला, त्यात आजारांची यादीच नाही. डॉक्टरला योग्य वाटलं की झालं. टेक्सासने २०१५ मध्ये फक्त एका प्रकारच्या अपस्मारासाठी दार किलकिलं केलं, आणि तेही अर्ध्या टक्क्यापर्यंत टीएचसीच्या तेलाला. फ्लोरिडात २०१४ मध्ये सत्तावन्न टक्क्यांहून जास्त लोकांनी बाजूने मत दिलं, पण तिथे साठ टक्के लागतात, म्हणून रुग्णांना आणखी दोन वर्षं थांबावं लागलं. शरीर तेच, मज्जातंतू तेच. पत्ता बदलला की आजार औषधाच्या लायकीचा होतो किंवा होत नाही. औषधशास्त्र शिकलेल्या माणसाला हे पचत नाही. स्नायूंचं आखडणं कमी करणारी बॅक्लोफेनची गोळी देताना रुग्ण कुठल्या राज्यातला आहे हे मला कधी पाहावं लागलेलं नाही.

आणि एमएसमधल्या आखडण्याबद्दल पुरावा नाही असंही नाही. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजने जानेवारी २०१७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. मोठ्या माणसांतलं जुनाट दुखणं, केमोमुळे होणारी मळमळ-उलटी आणि एमएसच्या रुग्णांना स्वतःला जाणवणारं आखडणं, या तीन गोष्टींसाठी चांगला पुरावा असल्याचं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. बाकी बऱ्याच आजारांसाठी पुरावा कमी किंवा नाही, हेही म्हटलं आहे. इंग्लंडमध्ये २०१० पासून एमएससाठी गांजाच्या अर्काचा तोंडात मारायचा फवारा रीतसर औषध म्हणून मंजूर आहे. म्हणजे यादीत कुठला आजार बसतो आणि कुठला नाही, याचा विज्ञानाशी फारसा संबंध उरलेला नाही. ज्या आजाराचे पालक राजधानीत जाऊन रडू शकले, तो आजार यादीत आला. ज्यांना रडायला जाण्याइतकं त्राण नव्हतं, त्यांचं काय?

आईला सांगितलं तेव्हाचं आठवतं. "गांजा? आपला दादा गांजा ओढणार?" आमच्याकडे गांजा म्हणजे चिलीम, गंजेडी, देवळामागचा कट्टा. मी तिला सांगितलं की हे थेंबाथेंबाने जिभेखाली घ्यायचं तेल आहे. पाश्चात्त्य वैद्यकाला या झाडाची ओळख झाली तीच आपल्याकडून. ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने १८३९ मध्ये कलकत्त्यात याचे प्रयोग करून निबंध वाचला, आणि पुढे अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीत हे १८५० पासून १९४२ पर्यंत होतं. आई गप्प ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्याला झोप लागणार असेल तर दे बाई काहीही." मला तिच्या या वाक्यापुढे कुठल्याही कायद्याचं कलम मोठं वाटत नाही.

२०१८ मध्ये जॉर्जियाने यादी वाढवली. त्यात 'असाध्य वेदना' आल्या. त्याच डॉक्टरबाईंनी, त्याच पायांसाठी, या नव्या शब्दांवर सही केली आणि दादाला कार्ड मिळालं. आम्ही व्हिडिओ कॉलवर पेढे खाल्ले. मग दादाने विचारलं, "हे आता मिळतं कुठे?"

कुठेच नाही. जॉर्जियाच्या कायद्याने तेल बाळगायला परवानगी दिली होती, विकायला कोणालाच दिली नव्हती. राज्यात दुकान नाही, उत्पादन नाही, आणि दुसऱ्या राज्यातून आणलं तर सीमा ओलांडताक्षणी केंद्राच्या कायद्याने गुन्हा. विक्रीची व्यवस्था करणारा कायदा झाला २०१९ मध्ये आणि पहिली दुकानं उघडली एप्रिल २०२३ च्या अखेरीला. मुभा मिळाल्यापासून आठ वर्षं! या आठ वर्षांत कार्ड असलेली हजारो माणसं काय करत होती? काही चोरून आणत होती. काही घरदार सोडून कोलोरॅडोला गेली. आणि काही दादासारखी कार्ड खणात ठेवून पाय आवळून झोपत होती.

त्या काळात एका उन्हाळ्यात दादा-वहिनी तीन आठवडे माझ्याकडे राहायला आले. माझ्या घरापासून डिस्पेन्सरी, म्हणजे हे तेल विकणारं दुकान, गाडीने दहा मिनिटांवर. पण पेन्सिल्व्हेनियाचं कार्ड पेन्सिल्व्हेनियाच्या रहिवाशालाच. किराणा आणायला जाताना आम्ही रोज त्या दुकानावरून जायचो, आणि दादा खिडकीतून त्या पाटीकडे बघायचा. बोलायचा नाही काही. रात्री वरच्या खोलीतून वहिनीच्या पावलांचा आवाज आला की मला कळायचं. कुठूनतरी मिळवून द्यावं, असं माझ्या मनात एकदा नाही, अनेकदा आलं. मी दिलं नाही. माझा परवाना गेला असता, दादाचं त्याहून जास्त गेलं असतं. पण भाऊ वर तळमळतोय आणि आपण औषधांचं शिक्षण घेऊन खाली पडून आहोत, ही भावना मी कोणाला नीट सांगू शकत नाही.

दादाचं त्याहून जास्त काय गेलं असतं, हे आपल्या लोकांनी विशेष लक्ष देऊन वाचा.

केंद्राच्या १९७० च्या कायद्याने मारिजुआना शेड्यूल एकमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या सगळ्यात कडक वर्गात, हेरॉइनच्या रांगेत टाकला. या शेड्यूलचा अर्थच असा की याला मान्य असा वैद्यकीय उपयोग नाही. म्हणून डॉक्टर याचं प्रिस्क्रिप्शन लिहू शकत नाहीत, फक्त शिफारस करतात किंवा दाखला देतात. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये सगळ्यात आधी लोकमताने रुग्णांना परवानगी दिली, तरी २००२ मध्ये डायान मॉन्सन या रुग्णबाईंच्या घरची सहा झाडं केंद्राच्या अधिकाऱ्यांनी नष्ट केली. त्या आणि अँजेल रेच या दुसऱ्या रुग्णबाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २००५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी हरल्या. राज्याचा कायदा काहीही म्हणो, केंद्राचा गुन्हा तो गुन्हाच. २०१४ पासून काँग्रेस अर्थसंकल्पात एक अट घालते की न्याय खात्याने राज्यांच्या वैद्यकीय कार्यक्रमांविरुद्ध पैसा खर्च करू नये, म्हणून रुग्णांच्या दारात आता सहसा कोणी येत नाही. पण ही अट इमिग्रेशन खात्याला लागू नाही.

१९ एप्रिल २०१९ ला इमिग्रेशन खात्याने लेखी धोरण जाहीर केलं: राज्यात कायदेशीर असला तरी मारिजुआना बाळगणं, वापरणं किंवा त्या धंद्यात नोकरी करणं, हे नागरिकत्वासाठी लागणाऱ्या 'चांगल्या नैतिक वर्तना'च्या आड येऊ शकतं. त्यासाठी शिक्षा झालेली असण्याची गरज नाही. मुलाखतीत कबूल केलंत तरी पुरतं. तीस ग्रॅमच्या आतल्या एका वेळच्या प्रकाराला सवलत आहे, पण जो माणूस औषध म्हणून रोज घेतो, त्याचा प्रकार एका वेळचा कसा असेल? ग्रीन कार्डवाल्याने भारतातून परत येताना विमानतळावर अधिकाऱ्याला सांगितलं, तरी प्रवेशाचाच प्रश्न उभा राहू शकतो. आणि खोटं बोलणं तर त्याहून घातक.

दादा तेव्हा नागरिकत्वाचा अर्ज भरत होता. वकिलांनी सांगितलं, थेंबही घेऊ नका. त्याने घेतला नाही. कोविडमुळे सगळं लांबलं, शपथ झाली २०२१ च्या शेवटी. आजारी माणसाने औषध घेतलं म्हणून त्याची नैतिकता तपासली जाते, हे मला आजही सहन होत नाही. माझा दादा माझ्या ओळखीतला सगळ्यात सरळ माणूस आहे.

कोणी म्हणेल, इतकं चांगलं आहे तर सगळ्यांना खुलं करा. मी तसं म्हणत नाही. हे औषध आहे आणि औषधासारखंच वागतं. गांजातल्या सीबीडी या दुसऱ्या घटकामुळे क्लोबाझाम या झटक्यांवरच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं, रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये. घरात कोणाला सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार, झालेला असेल तर जपून. कोवळ्या वयातल्या मेंदूला टीएचसी चांगला नाही. वृद्धांना चक्कर येते, ते पडतात. हे सगळं पाहायला डॉक्टर आणि फार्मसिस्ट लागतात, आणि आजची पद्धत नेमकं त्यांनाच बाजूला सारते. पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर दाखला देणाऱ्या सेवा आहेत. नेहमीच्या डॉक्टरला कळतसुद्धा नाही. विमा एक पैसा देत नाही, सगळं खिशातून.

पेन्सिल्व्हेनियातल्या लोकांसाठी आणखी एक, कारण हे फारच कमी जणांना माहीत असतं. इथे रक्तात या औषधाचा अंश सापडला तरी नशेत गाडी चालवल्याचा गुन्हा लागू शकतो, कार्ड असलं तरी, आणि तो अंश झिंग उतरल्यावर कितीतरी दिवस राहतो. घेतलेलं औषध मूळ पाकिटातच ठेवा. पूल ओलांडून न्यू जर्सीत नेऊ नका, तिथे एकवीस वर्षांवरच्या सगळ्यांना ते खुलं असलं तरी.

मे २०२४ मध्ये केंद्राने मारिजुआना शेड्यूल तीनमध्ये, म्हणजे कमी कडक वर्गात, हलवायचा प्रस्ताव मांडला. मी त्यावर सूचना पाठवली होती, दादाचं नाव न घेता. नुसतं शेड्यूल बदलून डिस्पेन्सरीतलं तेल केंद्राच्या दृष्टीने कायदेशीर होईलच असं नाही, त्यामुळे ग्रीन कार्डवाल्यांनी अशा बातम्या ऐकून निर्धास्त होऊ नये. ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांनी कार्डाचा अर्ज करण्याआधी, नंतर नव्हे, इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. ज्यांना मत देता येतं त्यांनी आपल्या प्रतिनिधीला रुग्णांच्या वतीने पत्र लिहा. मसुदा हवा असेल तर मला मेसेज करा, मी माझं पत्र पाठवते.

दादाच्या पहिल्या कार्डाची मुदत दोन वर्षांतच संपून गेली होती. २०२३ मध्ये दुकानं उघडल्यावर तो परत त्याच डॉक्टरबाईंकडे गेला, या वेळी व्हीलचेअरवर. त्यांनी 'गंभीर' या चौकटीत खूण केली, काही न विचारता. तेल तो आता रात्री जेवणानंतर घेतो. आठवड्यातल्या सातही रात्री वाईट जायच्या, त्यातल्या चार-पाच आता नीट जातात. सकाळी थोडं जड वाटतं म्हणतो. परवा वहिनी फोनवर सांगत होती की ती सलग सहा तास झोपली आणि घाबरून उठली, दादाला काही झालं की काय म्हणून. तो शांत झोपला होता.