लॅटिन येत नाही, मग काय झालं?

भाचीला बारावीनंतर क्लासिक्स शिकायचंय, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन साहित्य आणि इतिहास. हे कळल्यापासून आमच्या नौपाड्यातल्या घरी येणाऱ्या प्रत्येकाचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "याला स्कोप काय?" त्याला मी चहा पुढे करते. दुसरा मात्र रास्त आहे: "पण तिला लॅटिन कुठे येतं?"

नाही येत. ठाण्यात कोण शिकवणार? खुद्द इंग्लंडमध्येही लॅटिन शिकून येतात ती मुख्यतः महागड्या खासगी शाळांतली मुलं. म्हणून केंब्रिजमध्ये सरळ सोय आहे. लॅटिन येत असेल तर तीन वर्षांचा कोर्स, नसेल तर चार. जादाच्या वर्षात मुख्य भर लॅटिनवर, ग्रीक नंतर. अमेरिकेत प्रिन्स्टनने २०२१ मध्ये वेगळी वाट धरली. या विषयात मेजर करायला ग्रीक-लॅटिनची सक्तीच काढून टाकली. ज्याला हवं त्याने शिकावं.

मला केंब्रिजचं पटतं. दारात अडवू नका, पण आत घेतल्यावर भाषा शिकवल्याशिवाय सोडूही नका.

'पेरिप्लस'चंच बघा. पहिल्या शतकातलं ग्रीक व्यापारी टिपण, त्यात आपलं सोपारा आणि कल्याण दोन्ही आहेत. कल्याणला आधी राजरोस व्यापार चालायचा, पुढे सत्ता दुसऱ्याच्या हाती गेली आणि तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याची भीती असे, असं त्यात लिहिलंय. ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली ती राजांची नावं म्हणजे आपल्या इतिहासातले नेमके कोण, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. इंग्रजी भाषांतर वाचून ही गोष्ट छान कळते. वादात उतरायचं तर मूळ ओळ समोर घेऊन बसावं लागतं. कल्याण लोकलला लटकणाऱ्या मुलीने का उतरू नये त्यात?

आणि पाटी अगदीच कोरी नाहीये हो. आठवीपासून फुल संस्कृत होतं तिला. संबोधन धरून संस्कृतला आठ विभक्ती, लॅटिनला सहा, ग्रीकला पाच. होमरच्या ग्रीकमध्ये द्विवचनसुद्धा आहे! देवः देवौ देवाः घोकलेल्या मुलीला याची धास्ती वाटायचं कारण नाही. शब्दसंग्रह मात्र पहिल्यापासून, तिथे घासावीच लागणार.

मला जास्त राग आपल्या इथल्या रीतीचा येतो. शाळेत संस्कृत घ्यायचं ते स्कोअरिंग म्हणून, आणि दहावीचा पेपर झाला की पुस्तकं खालच्या मजल्यावरच्या मुलाला. ज्याला खरंच गोडी लागते ती विशीत लागते, आणि तेव्हा त्याला ऐकावं लागतं, "शाळेत नव्हतं ना तुला? मग जड जाईल." जड जाईलच. त्याला एक वर्ष जास्त द्या की! कॉलेजांनी एफवायच्या आधी शून्यापासूनची एक बॅच काढावी, रोज सकाळी दोन तास निव्वळ भाषा. पाचच डोकी आली तरी चालवावी.