कुत्र्याचा विमा आणि कोथिंबिरीची आरडी

इंग्लंडमध्ये कितीही वर्षं काढा, दवाखान्याचं बिल कसं दिसतं ते कळत नाही. बाळंतपण होतं, अपेंडिक्स निघतं, हाताला प्लास्टर लागतं आणि आपण ‘थँक यू’ म्हणून घरी येतो. मग घरात कुत्रा येतो. आयुष्यातलं पहिलं बिल हातात पडतं ते त्याच्या नावाचं. तपासणीचे इतके, रक्ताचे इतके, सलाइनचे इतके, गळ्यात अडकवलेल्या प्लास्टिकच्या कर्ण्याचे इतके, आणि या सगळ्यावर वीस टक्के व्हॅट. इथली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली १९४८ साली. पाळीव प्राण्याच्या विम्याची ब्रिटनमधली पहिली पॉलिसी मात्र १९४७ची. आधी कुत्री, मग माणसं. हे वाचून आमच्या शेजारणीला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही.

आमच्याकडे कुत्रा एक, गिनी पिग दोन. कुत्रा कॉकापू, म्हणजे अर्धा कॉकर स्पॅनिएल, अर्धा पूडल आणि उरलेला सगळा हावरट. नाव बिस्किट. गिनी पिग दोघी बहिणी. त्यांची नावं मुलीने दिवाळीच्या आठवड्यात ठेवली, म्हणून चकली आणि कडबोळी. बिस्किटाला आणलं तेव्हा ब्रीडरने चार आठवड्यांचा फुकट विमा सोबत दिला होता. तो संपला आणि आम्ही पुढचा काढला नाही. पिल्लू टुणटुणीत होतं. कशाला काढायचा?

मे महिन्यात बाबा आले. बाबा कऱ्हाडला तीस वर्षं एलआयसीचे एजंट होते. आमच्या गल्लीत ज्याचा विमा नाही असा माणूस एकच होता, आणि तोही बाबांना बघून रस्ता ओलांडायचा. चहा पिता पिता त्यांना कळलं की बिस्किटाची पॉलिसी होती आणि ती संपली. त्यांनी कप खाली ठेवला.

“म्हणजे लॅप्स केलीस?”

“बाबा, फुकटची होती.”

“लॅप्स ती लॅप्स. एजंटाच्या पोरीने पॉलिसी लॅप्स करावी!”

यावर मी काही बोलले नाही, कारण पुढच्याच रविवारी सत्यनारायण होता आणि घरात शांतता हवी होती. पूजा छान झाली. आरती चालू असताना सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, बिस्किटाचे सोडून. त्याने टेबलावरच्या शिऱ्याच्या भांड्यात तोंड घातलं आणि सव्वाच्या मापातला वरचा पाव भाग एका दमात संपवला.

शिऱ्यात बेदाणे होते. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात. किती खाल्ल्यावर बाधेल हे आधी सांगता येत नाही. एखादा मूठभर पचवतो, एखाद्याला थोडेही भोवतात. रविवार असल्यामुळे नेहमीचा पशुवैद्य बंद. रात्रीच्या आणि सुट्टीच्या दवाखान्यात फोन केला, तर पलीकडच्या बाईंनी अत्यंत गोड आवाजात विचारलं, “साधारण किती बेदाणे होते?” शिऱ्यात बेदाणे मोजून घालणारी बाई महाराष्ट्रात जन्माला यायची आहे. मी म्हटलं, भरपूर. त्या म्हणाल्या, घेऊन या.

तिथे त्याला उलटीचं इंजेक्शन दिलं. बिस्किटाने प्रसाद परत केला. एक तरुण डॉक्टर हातमोजे घालून त्यातले बेदाणे निवडत बसली, आणि नवरा शेजारी उभा राहून “हा काजू आहे”, “ही वेलची आहे” असं सांगत होता. रात्रभर सलाइनवर ठेवलं. सकाळी शेपूट हलवत बाहेर आला आणि आल्या आल्या माझी पर्स हुंगली. बिल सहाशे चाळीस पौंड. बाबांनी त्याचे मनातल्या मनात रुपये केले आणि खुर्ची शोधली.

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

मी लॅपटॉप उघडला. बाबा शेजारी वही घेऊन बसले. इथे कुत्र्याच्या विम्याचे ढोबळ मानाने चार प्रकार. एक फक्त अपघाताचा. दुसऱ्यात आजार सुरू झाल्यापासून बहुधा बारा महिने पैसे मिळतात, मग तो आजार तुमचा तुम्ही सांभाळायचा. तिसऱ्यात एकेका आजाराला ठरावीक रक्कम. ती संपली की संपली. चौथा लाइफटाइम: दरवर्षी रक्कम पुन्हा पहिल्यासारखी भरते, म्हणून मधुमेह किंवा त्वचेच्या जुनाट दुखण्याला तोच उपयोगी, आणि अर्थातच तोच महाग.

“लाइफटाइम म्हणजे आपली होल लाइफ,” बाबा वहीत लिहू लागले.

“नाही, दरवर्षी रिन्यू करायची. हप्ताही दरवर्षी वाढतो.”

“मग लाइफटाइम कसली?”

“कुत्र्याचं वय वाढतं ना.”

“वय माझंही वाढायचं. माझा हप्ता पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तोच होता.” त्यांनी खोडलं. “मॅच्युरिटी?”

“नाही.”

“बोनस? सरेंडर व्हॅल्यू? मनी बॅक?”

“बाबा, यात काही परत मिळत नाही. आजारी पडला तर बिल देतात, नाही पडला तर हप्ते गेले.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. तीस वर्षं त्यांनी ज्या गोष्टीला विमा म्हटलं, तिच्यात माणूस मेला तरी पैसे मिळायचे आणि जगला तरी. इथे धडधाकट जगल्याची शिक्षा होती. शिवाय क्लेममधले पहिले शंभर-सव्वाशे पौंड आपणच भरायचे. आणि कुत्रा म्हातारा झाला की बऱ्याच कंपन्यांत उरलेल्या बिलाचाही दहा-वीस टक्के वाटा आपला. बाबांचं मत पडलं की अशी पॉलिसी विकणाऱ्याला कऱ्हाडच्या चावडी चौकातून चालता आलं नसतं.

त्यांच्याकडे जनावराच्या विम्याचा एकच नमुना होता, धाकट्या काकांच्या म्हशीचा. म्हशीच्या कानात बिल्ला. बिल्ला असेल तर क्लेम, नसेल तर नाही, इतकं सरळ. म्हैस मेली की डॉक्टरचा दाखला, शवविच्छेदन, बिल्ला आणि बाजारभावाने ठरलेली रक्कम. म्हणजे तिकडे म्हैस मेल्यावर पैसे मिळतात आणि इकडे कुत्रा मरू नये म्हणून. हा फरक बाबांना पटला, पण वेळ लागला. बिस्किटाच्या मानेत मायक्रोचिप आहे आणि इंग्लंडात ती २०१६पासून सक्तीची आहे हे कळल्यावर मात्र त्यांना थोडं घरच्यासारखं वाटलं. “म्हणजे बिल्लाच की. आतून लावलाय.”

मग प्रपोजल फॉर्म. कुत्रा राखणीसाठी वापरता का? बाबा म्हणाले, पार्सलवाल्यावर भुंकतो, ‘हो’ लिही. मी ‘नाही’ लिहिलं. कुणाला चावला आहे का? नाही. कुणी तक्रार केली आहे का? मी जिन्यावरून खाली येणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं आणि ‘नाही’ लिहिलं. भाव ठरतो तो जात, वय आणि पोस्टकोड यांवर. जात आणि पत्ता बघून हप्ता ठरतो म्हटल्यावर बाबा म्हणाले की हे त्यांना सवयीचं आहे.

कंपनीने पशुवैद्याकडून बिस्किटाचा सगळा इतिहास मागवला आणि मग ती पॉलिसी आली: कान वगळून. दोन्ही कान, कायमचे वगळून. कारण पहिल्या लसीच्या दिवशी, अवघ्या नऊ आठवड्यांच्या पिल्लाने तिथल्या टेबलावर बसून एकदा कान खाजवला होता आणि डॉक्टरने कार्डावर नोंद केली होती: ‘कान खाजवतो. मालकिणीच्या मते अधूनमधून.’ मला वाटलं होतं मी गप्पा मारतेय! लोंबत्या, केसाळ कानांच्या कुत्र्याचं जे दुखणं सर्वांत जास्त संभवतं, तेवढंच नेमकं बाहेर. गुडघ्यांचंही बऱ्याच पॉलिसींत असंच आहे: एक गुडघा विम्याच्या आधी दुखला असेल तर दुसराही आधीपासून दुखत होता असं धरतात. कुत्र्याच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला तर ऑपरेशन चार-पाच हजार पौंडांपर्यंत सहज जातं, त्यामुळे मी घरी आल्यावर बिस्किटाचे दोन्ही गुडघे दाबून बघितले आणि कुणालाही काही सांगितलं नाही. विमा काढायचा असेल त्याने पशुवैद्याकडे हवापाण्याच्या गप्पा माराव्यात. इंग्लंडात तो विषय कधी कमी पडत नाही.

तरीही घेतली, लाइफटाइम, महिना अडतीस पौंड. नवऱ्याला हिशोब पटवावाच लागला नाही. त्याला बेदाणे निवडणारी ती पोरगी आठवत होती. मला पटवलं ते थर्ड पार्टीने. कुत्रा पट्टा सोडून रस्त्यावर पळाला, एखादा सायकलवाला पडला, त्याचं हाड मोडलं, तर भरपाई मालकाच्या गळ्यात पडू शकते. पॉलिसीत त्यासाठी वीस लाख पौंडांचं संरक्षण होतं. “वीस लाख पौंड?” बाबांनी बिस्किटाकडे पहिल्यांदा आदराने बघितलं. एवढ्या रकमेची पॉलिसी त्यांनी उभ्या कारकिर्दीत एका साखर कारखान्याच्या संचालकालाही विकली नव्हती. बिस्किट तेव्हा स्वतःचं शेपूट पकडत होता.

राहता राहिल्या चकली आणि कडबोळी.

गिनी पिगचाही विमा इथे निघतो. पण ते साप, पोपट आणि कासव यांच्या पंगतीत बसतात, ‘एक्झॉटिक’ म्हणून. दोघींचे मिळून महिना वीस पौंड. वर्षाचे दोनशे चाळीस. गिनी पिग जगतात साधारण पाच ते आठ वर्षं. सहा धरली तरी चौदाशे चाळीस पौंड. आणि विकत आणल्या तेव्हा एकीची किंमत पस्तीस.

“पस्तीसच्या जिवाला चौदाशेचा हप्ता?” बाबांनी वही मिटली. “मार्केट व्हॅल्यूच्या वर विमा उतरवताच येत नाही. साधा नियम आहे.”

माझी नऊ वर्षांची लेक टेबलाखाली बसून त्या दोघींना ढोबळी मिरची भरवत होती. (माणसासारखंच गिनी पिगच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. रोज खाण्यातून गेलं नाही तर त्यांना स्कर्व्ही होतो, म्हणून ढोबळी मिरची.) तिने वर बघून शुद्ध जिज्ञासेने विचारलं, “आजोबा, तुमची मार्केट व्हॅल्यू किती आहे?”

आजोबांनी वही पुन्हा उघडली.

खरी पंचाईत अशी की गिनी पिग आजार दाखवत नाहीत. रानात ते दुसऱ्यांचं खाद्य. दुबळा दिसला की संपला, म्हणून लपवायची सवय रक्तात आहे. दर आठवड्याला वजन करायचं, घटलं तर समजायचं काहीतरी बिनसलं. आमच्याकडे हे वजन रवा मोजायच्या काट्यावर होतं आणि हे सासूबाईंना कुणी सांगितलेलं नाही. गिनी पिगचे दात जन्मभर वाढतात. ते वेडेवाकडे वाढले तर खाणं थांबतं, आणि एक दिवस खाणं थांबलं तर पोटातलं सगळं चक्रच बंद पडायला लागतं. मूतखडे होतात, त्याचं ऑपरेशन काहीशे पौंडांचं. शिवाय एकीला ठेवायचं नसतं, त्यांना जोडीदार लागतो. स्वित्झर्लंडमध्ये तर एकटा गिनी पिग पाळायला कायद्यानेच मनाई आहे. म्हणजे चकली गेली की कडबोळीला सोबत आणायची, मग कडबोळी गेली की त्या सोबतीला सोबत. ही पॉलिसी कधी मॅच्युअर होणारच नाही, हे बाबांच्याही लक्षात आलं. पेरू देशात या प्रश्नाचं उत्तर हजारो वर्षांपूर्वीच शोधलेलं आहे, पण तिथले लोक त्यांना कशासाठी पाळत आले ते लेकीसमोर बोलायची सोय नाही.

रात्री बाबा आणि मी बागेत बसलो होतो. “एलआयसीचं ब्रीद माहिती आहे ना? योगक्षेमं वहाम्यहम्,” ते म्हणाले. “पण भगवंताने अट आधी घातली आहे. अनन्याश्चिन्तयन्तो मां. जो दुसरं काही मनात न आणता माझं चिंतन करतो, त्याचाच भार मी वाहतो. बिस्किट अटीत बसतो. तू मोरीत गेलीस तरी दाराबाहेर बसून चिंतन करतो. त्या दोघी कोथिंबिरीचं चिंतन करतात.”

आतून फ्रिज उघडल्याचा आवाज आला आणि त्या दोघींनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी शिट्टी मारली. म्हणजे बाबांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं.

“त्यांची आरडी काढ,” बाबा म्हणाले.

इथल्या बँकेत आरडी म्हटलं तर कुणाला कळत नाही, पण अॅपमध्ये एक वेगळा कप्पा करता येतो. महिना वीस पौंड, आपोआप. नाव ‘कोथिंबीर’. आजारी पडल्या तर पैसे तयार, नाही पडल्या तर आपलेच. मनी बॅक, असं म्हणून बाबा कऱ्हाडला परत जाताना समाधानाने विमानात बसले.

चकली-कडबोळी ठणठणीत आहेत. वजन वाढतंच आहे, काट्यावर आता दोघी एकत्र मावत नाहीत. बिस्किटाच्या दातांवर मात्र किटण चढलं आणि भूल देऊन दात साफ करावे लागतील असं डॉक्टर म्हणाल्या. मी पॉलिसी उघडली. दात साफ करणं वगळून. हिरड्यांचा आजार वगळून. दात वगळून, कान वगळून; मधला कुत्रा तेवढा विम्यात आहे.

साडेतीनशे पौंड ‘कोथिंबीर’मधून काढले. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं की दोघींची सही घेतलीस का. मग म्हणाले, कर्ज घेतलंस तर फेडायचं, आणि व्याजासह. मी विचारलं, व्याज वस्तूच्या रूपात चाललं तर? त्यांनी जरा विचार केला आणि रोज एक जुडी असा दर ठरवून दिला.