एक ओळ गेली नाही पायजे

मामाचा टॉवेलचा कारखाना सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे आणि मी बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं होतं, एवढ्या एका गुन्ह्यापायी घराण्यातले सगळे प्रिंटर, सगळे वायफाय आणि आता उधारीची एक्सेल फाईल माझ्या गळ्यात. "नवीन सॉफ्टवेअरवाला डेटाबेस मागलालाय, तू टाक की बे, एका क्लिकचं काम असंल. पण एक ओळ गेली नाही पायजे." असं म्हणून मामा लूमवर गेला.

फाईलचं नाव 'उधारी फायनल नवीन खरी 2.एक्सएलएस'. जुना फॉरमॅट, 65,536 ओळींच्या पुढं जातच नाही. इंग्लंडमध्ये 2020 साली कोरोनाच्या केसेस असल्याच फाईलीतनं पाठवताना जवळजवळ 16 हजार केसेस मोजायच्या राहिल्या होत्या, ते आठवून उगाच पोटात गोळा आला. आपल्या तर 4 हजारच ओळी होत्या म्हणा.

पहिल्यांदा सरळ अॅक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसात, इम्पोर्ट मारला आणि दिवाणजी काकांना बोलावून दाखवला. काकांनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, "डिझाईन नंबर 5-7 कुठाय?" बघतो तर तिथं 5 जुलै. एक्सेलला मधे डॅश दिसला की तो तारीखच समजतो आणि आत ठेवतो 45478 असला आकडा, म्हणजे 1900 पासून मोजलेले दिवस, त्यातसुद्धा 29 फेब्रुवारी 1900 हा कधी न उगवलेला दिवस धरलेला, कारण एक्सेलच्या आधीच्या लोटस 1-2-3 या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच चूक होती आणि त्याच्याशी जुळवून घ्यायचं होतं. डिझाईन 0786 चं झालं 786. आणि 16 आकडी बँक खात्यांच्या शेवटी शून्य, कारण एक्सेल 15 आकड्यांपुढं लक्षातच ठेवत नाही. म्हणजे मी डेटा घालवीन म्हणून मामा घाबरलेला आणि डेटा काकांनी एंटर दाबला तेव्हाच गेलेला! खाते नंबर शेवटी जुन्या चेकबुकांवरनं परत भरले.

मोबाईलच्या कॉलमचं वेगळंच. तो इम्पोर्टवाला वरच्या आठ ओळी बघून ठरवतो, हा कॉलम आकड्यांचा का अक्षरांचा. वऱ्हाडातली पहिली आठ माणसं बघून मांडवातल्या सगळ्यांना शाकाहारी ठरवावं तसं. पुढं काकांनी 'मुलाला फोन करणे', 'दुपारी झोपतात' असं लिहिलेलं, ते सगळं रिकामं. मग सगळे कॉलम टेक्स्ट करून परत घेतलं. मर्ज केलेल्या सेलचा त्रास त्याहून वाईट, पार्टीचं नाव फक्त पहिल्या बिलाला आणि खालची चार बिलं अनाथ. आणि हुबळीवाले, हुबळीवाले मोठे, हुबळी (मोठे) ही तीन माणसं का एक?
"दोन," काका म्हणाले. "मोठे वारले."

सगळं बसलं असं वाटलं, तर काका गप्पच. मग हळूच म्हणाले, "रंग कुठं गेले?"

रंग! पिवळा म्हणजे गड्ड्याच्या यात्रेनंतर देणारे, लाल म्हणजे बुडालेले, गुलाबी म्हणजे मामीच्या माहेरचे, मागायचंच नाही. पंधरा वर्षांची अक्कल त्या रंगात होती आणि डेटाबेसला रंग कळत नाही, त्याला फक्त सेलमधलं कळतं. चार हजार ओळी मी आणि काकांनी दोन दिवस बसून वाचल्या. काका "पिवळा, पिवळा, गुलाबी" म्हणायचे आणि मी नवीन कॉलममध्ये टाईप करायचो, बाहेर 42 डिग्री आणि आत पंखा लूमच्याच तालात खडखडणारा.

शेवटी ओळी मोजल्या, बरोबर. येणे बाकीची बेरीज काकांच्या वहीशी ताडली तर 85 हजार जास्त. तास गेला शोधण्यात. एक्सेलमध्ये कुणीतरी एक ओळ हाईड करून ठेवलेली, आणि हाईड केलेलं असलं तरी इम्पोर्टला त्याचं काही नसतं, तो सगळं उचलतो. 'धाकटे बंधू, हातउसने, 2019.'

हे मी मोठ्यानं वाचलं, आणि नेमकं तेव्हाच मामी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन दारात.

मामानं माझ्याकडं बघितलं, मग स्क्रीनकडं. "बे," तो हळूच म्हणाला, "एखादी ओळ गेली तर चालतंय."