रोज एक ग्लास पाणी? कुंडीला विचारा तरी!

गेल्या तीन-चार महिन्यांत एकच मेसेज मला पाच ग्रुपवर आला. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या मैत्रिणींचा, माहेरचा, सगळीकडे तोच: 'कुंडीतल्या बागेचे सोनेरी नियम'. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक कुंडीला रोज सकाळी एक ग्लास पाणी द्या, कमी नाही, जास्त नाही. तळाला दोन इंच खडी घाला, म्हणजे पाणी साचत नाही. दुपारी पाणी कधीच घालू नका, थेंबांमुळे पानं भाजतात. खत विकत आणू नका. चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं आणि केळ्याच्या साली पुरतात. हँगिंग बास्केटमध्ये मार्च-एप्रिलला पेटुनिया लावा, ऑक्टोबरपर्यंत फुलं मिळतील. सुकलेली फुलं तोडू नका. आणि पावसाळ्यात काहीही करू नका, निसर्ग बघून घेतो.

मी उत्तर लिहायला बसले ते आमच्या समोरच्या काकूंमुळे. जानेवारीत इथल्या, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेल्या होत्या, येताना जांभळ्या पेटुनियाच्या दोन हँगिंग बास्केट घेऊन आल्या. नियम त्यांनी अगदी मनापासून पाळले. मार्चच्या मध्यावर मला हाक मारली, "अगं, रोज न चुकता पाणी घालते, तरी बघ ना कशी माना टाकतायत." मी बास्केट खालून तळहातावर उचलून पाहिली. रिकामी टोपली उचलावी तशी हलकी. काकूंनी त्यांचा ग्लास ओतून दाखवला. मातीचा गोळा सुकून आकसला होता, काथ्याचं अस्तर आणि तो गोळा यांच्यात बोटभर फट पडली होती. पाणी त्या फटीतून सरळ खाली गेलं आणि खालच्या मजल्यावरच्या दोरीवर टपटपलं. बोट आत घातलं तर माती कोरडी ठणठणीत. रोज एक ग्लास पाणी खालच्यांच्या कपड्यांना मिळत होतं आणि झाड तहानेनं मरत होतं.

हा नियम सगळ्यांत घातक, म्हणून त्यावर जास्त लिहिते. ग्लास म्हणजे २०० ते २५० मिली. दहा इंची बास्केटमध्ये जेमतेम चार लिटर मातीचं मिश्रण मावतं. एप्रिलच्या पुण्यात पारा ३८-४० अंशांवर, दुपारची हवा कोरडी, त्यात पश्चिमेची गॅलरी. जमिनीवरच्या कुंडीला निदान फरशीचा आडोसा असतो. टांगलेल्या कुंडीला वारा चारी बाजूंनी लागतो आणि खालूनही लागतो. फुलांनी भरलेली पेटुनिया एवढं पाणी दुपारपर्यंत सहज संपवते. तोच ग्लास ऑगस्टमध्ये, खिडकीपासून लांब ठेवलेल्या स्नेक प्लांटला रोज दिलात तर महिन्याभरात त्याची मुळं सडतील. एकाच मापानं एक झाड तहानेनं जातं आणि दुसरं बुडून.

पाणी किती, हे कुंडी सांगते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. आत ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर घाला. हँगिंगला बोट पोचत नसेल तर खालून उचलून वजन घ्या. आठवड्याभरात हाताला फरक कळायला लागतो. आणि घालायचं तेव्हा तळाच्या भोकातून निथळेपर्यंत घालायचं. थोडं थोडं शिंपडलं की वरची दोन बोटं माती ओली होते आणि मुळंही तिथेच वर रेंगाळतात. भर उन्हाळ्यात हँगिंगला सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी लागू शकतं, थंडीत एक दिवसाआड पुरतं.

काकूंच्या बास्केटसारखी माती एकदा आकसली की वरून कितीही ओता, उपयोग नाही. त्यातलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पूर्ण वाळलं की पाणी धरतच नाही, अंगावरून घालवून देतं. अशी बास्केट बादलीभर पाण्यात अलगद बुडवून ठेवायची. आधी बुडबुडे येतात, पंधरा-वीस मिनिटांनी ते थांबतात. मग उचलायची, निथळू द्यायची, एक दिवस सावलीत टांगायची. काकूंची एक बास्केट अशी वाचली. दुसरीची मुळं केव्हाच गेली होती.

आता खडी. हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय, माझ्या आईनंही विटांचे तुकडे घालूनच कुंड्या भरल्या, त्यामुळे पटायला जड जातं. पण पाणी बारीक मातीतून जाड खडीत आपणहून उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून चिंब झाली की मगच ते खाली उतरतं. म्हणजे जो ओलाचिंब थर एरवी कुंडीच्या तळाशी असतो तो खडीमुळे दोन इंच वर येतो, थेट मुळांपाशी. खात्री करायची तर भांडी घासायचा नवा स्पंज घ्या. पाण्यात बुडवून आडवा धरा आणि निथळणं थांबेपर्यंत थांबा. थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं! स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कुंडीतल्या मातीचंही तसंच आहे. मातीची उंची जितकी जास्त तितका निचरा चांगला, आणि खडी घालून आपण नेमकी तीच उंची कमी करतो. हँगिंगमध्ये तर मुळातच सात-आठ इंच खोली, शिवाय खडीचं वजन हुकाला.

भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळीचा चौकोन ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. निचरा हवा असेल तर तो मिश्रणात हवा. नर्सरीत पोयटा म्हणून मिळणारी माती नुसती भरली तर दोन महिन्यांत विटेसारखी घट्ट होते. मी एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत घेते आणि त्यात भाताचं तूस किंवा परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) मिसळते. हँगिंगसाठी मातीचा वाटा निम्म्यावर आणते, वजनासाठी. कोकोपीटची वीट भिजवली की दोनदा धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असतात.

दुपारच्या पाण्याबद्दल फार लिहायला नको. गुळगुळीत पानावरचा थेंब भिंगासारखं काम करून पान जाळतो, हे खरं नाही; थेंब पानाला चिकटलेला असतो आणि पान भाजेल असं ऊन तिथे एकवटत नाही. सकाळी पाणी घालणं चांगलंच, कारण कमी वाया जातं. पण दुपारी दोन वाजता झाड मान टाकून उभं आहे, माती कोरडी आहे आणि तुम्ही संध्याकाळची वाट बघताय, असं करू नका. तेव्हाच घाला, मुळाशी घाला. मात्र गच्चीवर उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, ते आधी बादलीत जाऊ द्या. माझ्या मते 'दुपारी पाण्यानं झाड जळलं' म्हणतात त्यातल्या पुष्कळ झाडांना हेच पाणी मिळालेलं असतं.

खताचा मुद्दा मला मनापासून लागतो, कारण त्यामागची भावना चांगली आहे. घरातलं काही वाया जाऊ नये, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. पण आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला असतो. तो चोथा तसाच कुंडीत टाकला की आधी मुंग्या येतात, मग बुरशी, मग चिलटं. अंड्याचं टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते मातीत इतकं सावकाश विरघळतं की या हंगामातल्या झाडाला त्याचा काही उपयोग नाही. केळ्याच्या सालीत पोटॅशियम असतं हे खरं, पण सालीचं पाणी म्हणजे खत नव्हे. पानं वाढायला जो नत्र लागतो तो त्यात जवळजवळ नसतोच. हे तिन्ही पदार्थ कंपोस्टच्या बादलीत घाला, चोथा आधी धुऊन. तिथे त्यांचं सोनं होतं.

शिवाय कुंडीची एक अडचण जमिनीला नसते. आपण निथळेपर्यंत पाणी घालतो, आणि त्याबरोबर अन्नही वाहून जातं. शेतातल्या झाडाची मुळं लांब जाऊन शोधतात, कुंडीतली कुठे जाणार? म्हणून हंगामात थोडं थोडं, पण नियमित द्यावं लागतं. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि चमचाभर निंबोळी पेंड. फुलांच्या हँगिंगला तेवढं पुरत नाही, त्यांना मी दर पंधरवड्याला १९:१९:१९ हे (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम या मापानं देते. माती आधी ओली हवी; कोरड्या मुळांवर खत पडलं तर ती भाजतात. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी वापरत असाल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसेल. अशा वेळी खत वाढवू नका, महिन्यातून एकदा भरपूर पाणी घालून माती धुऊन काढा.

पेटुनिया मार्च-एप्रिलला लावा, हे वाक्य वाचून मला कळलं की हा मेसेज बर्फ पडणाऱ्या देशातल्या कुठल्यातरी लेखावरून उतरवलेला आहे. तिथे वसंतात लागवड सुरू होते, कारण हिवाळ्यात सगळं गोठलेलं असतं. आपल्याकडे उलट आहे. पुण्यात पेटुनियाचं बी गणपती आटोपले की टाकायचं, नोव्हेंबर-डिसेंबरपासून फुलं घ्यायची आणि मार्च संपता संपता तिला निरोप द्यायचा. एप्रिलमध्ये लावलेली पेटुनिया मरते तेव्हा दोष तुमच्या हाताचा नसतो. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा किती हलका झाला! उन्हाळ्याच्या हँगिंगला चिनी गुलाब लावा, ज्याला बरेच जण 'ऑफिस टाइम' म्हणतात. काडी खोचली तरी लागतो, आणि ऊन जितकं कडक तितका फुलतो. सावलीच्या गॅलरीत स्पायडर प्लांट, मनी प्लांट, टर्टल वाइन.

फुलं तोडू नका, हे तर साफ चूक. सुकलेलं फूल राहिलं की झाड बी धरायला लागतं आणि नवी कळी मागे पडते. नुसती पाकळी ओढून भागत नाही, खालच्या हिरव्या बोंडासकट खुडायचं. फांद्या लांबून नुसती टोकाला फुलं यायला लागली की एक तृतीयांश छाटा. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा भरते. खुडताना पानांची खालची बाजू दिसते, हा आणखी एक फायदा. पिठ्या ढेकूण आणि उन्हाळ्यातला लाल कोळी तिथेच सुरू होतात. सुरुवातीला सापडले तर लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि साबणाचे थोडे थेंब, संध्याकाळी फवारलं की बहुतेक वेळा आटोक्यात येतात.

राहता राहिला पावसाळा, आणि मृग तर तोंडावर आलाय. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि त्यातला पुष्कळसा भुरभुर. वर स्लॅब असलेल्या गॅलरीतल्या हँगिंगवर तो पोचतच नाही, पोचला तर पानं ओली करून जातो. जुलैत बाहेर सगळं ओलंगच्च आणि बास्केट आतून कोरडी, हे मी दरवर्षी बघते. गच्चीवरच्या कुंड्यांचं दुखणं उलट: भोक बुजलेलं असतं आणि पाणी वर तरंगतं. जूनआधी प्रत्येक भोकात काडी घालून बघा. त्याआधी वळवाचा वारा सुटतो, तेव्हा हूकही तपासा. भिजलेली बास्केट खाली कुणाच्या डोक्यावर पडायला नको.

आणि कुंड्यांखालच्या बश्या पावसाळ्यापुरत्या काढूनच टाका. डेंग्यूच्या डासाला बशीतलं बोटभर स्वच्छ पाणी पुरतं, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस. नुसतं पाणी ओतून देऊन चालत नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात, वाळली तरी महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून काथ्यानं घासून ठेवायच्या. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बश्या येत्या रविवारी काढायचं ठरलंय. काकूंच्याच अकरा आहेत.