महागाईत घरचं की बाहेरचं?

भाज्या कडाडल्या की "हॉटेलिंग बंद करा, पैसे आपोआप वाचतील" हा सल्ला सुरू होतो. देणारे बहुतेक जण ओट्यापाशी उभे राहत नाहीत, हे जाता जाता. मला तो सल्ला सरसकट पटत नाही.

मिसळच घ्या. दोघांसाठी घरी करायची तर आदल्या दिवसापासून मटकी भिजवा, मोड आणा, कांदा-खोबरं भाजून वाटण करा. तर्री यायला तेल सढळ हातानंच घालावं लागतं. शिवाय फरसाण, पाव, लिंबू. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या दोन प्लेटी परवडतात. एकट्या राहणाऱ्याला पोळीभाजी केंद्रही तसंच परवडतं. पावशेर भेंडीसाठी कढई कोण घासणार?

पण वरण, पिठलं, उसळ खायला हॉटेलात जाणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. बऱ्यापैकी हॉटेलात 'दाल तडका' म्हणून जी वाटी समोर येते, तेवढ्या पैशांत किलोभर तूरडाळ घरी येते.

घरच्या स्वयंपाकाचा मोठा फायदा मात्र वेगळाच आहे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोनं शंभरी ओलांडली, तेव्हा आमच्या आमटीत आमसुलं पडायला लागली. कुणाचं काही अडलं नाही. हॉटेलवाल्याची लाल ग्रेव्ही टोमॅटोवाचून होत नाही, त्यानं दर वाढवले. ठीक आहे. पण त्याच सप्टेंबरात भाव इतके पडले की शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला, तरी मेनूकार्डवर चिकटवलेला नवा आकडा काही निघाला नाही!

तेलाची तीच कथा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क, सेस धरून, ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं. मे २०२५ अखेर ते १६.५ वर आणलं. त्यानंतर वडापाव स्वस्त झालेला कुणी पाहिलाय?

जागेचं भाडं, पोऱ्यांचे पगार, १९ किलोचा सिलिंडर ही हॉटेलवाल्यांची रड खोटी नाही. बिलावर ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलला खरेदीवरच्या कराची वजावटही मिळत नाही. पण मग टोमॅटोचं नाव पुढे करून दर वाढवू नका. सरळ सांगा, भाडं वाढलंय.

आमच्याकडे सध्या असं ठरलंय: रोजचं जेवण घरी, खटाटोपाचं बाहेर. पनीर मात्र दोन्हीकडे बंद. ते तसंही मला आवडत नाही.