वीस मुलांची अट आणि पाच मुलांची अट

२०२५च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीचा जीआर काढला तेव्हापासून आमच्या जुन्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. १७ जूनला दुसरा जीआर आला, सक्ती शब्द गेला पण हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी तर एका इयत्तेत किमान २० मुलं पाहिजेत अशी अट आली, मग २९ जूनला दोन्ही जीआर मागे घेऊन यावर विचार करायला डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली. मागे घेतले ते बरंच झालं, सहा वर्षांच्या पोरांवर तिसरी भाषा लादायची काही गरज नव्हती. पण ती २० ची अट माझ्या डोक्यातून जात नाही. राज्यात हजारो शाळांचा अख्खा पटच वीसच्या आत आहे, तिथे काय करायचं?

मी राहते गोथेनबर्गला. स्वीडनमध्येही असा आकडा आहे, तो ५ आहे. घरात रोज बोलली जाणारी भाषा शिकणारी पाच मुलं नगरपालिकेच्या हद्दीत मिळाली आणि शिकवणारं योग्य माणूस मिळालं की वर्ग द्यावाच लागतो, फुकट. १९७७ पासून ही जबाबदारी नगरपालिकांवर आहे. सगळं छान चाललंय असं नाही हं, आठवड्याला जेमतेम तासभर मिळतो, तोही बऱ्याचदा शाळा सुटल्यावर, आणि स्वीडन डेमोक्रॅट्स पक्ष तर सरकारी पैशातून हे बंदच करा म्हणतो. पूर्वी तर उत्तरेतल्या टोर्नेडालेन भागातल्या मुलांना शाळेत स्वतःची भाषा बोलायला बंदी होती, बोललं की शिक्षा, त्यावरचा सत्यशोधन आयोगाचा अहवाल यायला २०२३ उजाडलं.

पण रोजच्या वर्गात काय होतं ते सांगते. मुलीच्या चौथीच्या बाईंनी सांगितलं, घरी आकडे कसे लिहितात ते विचारून या. तिने आजीला व्हिडिओ कॉल लावला, आजीने देवनागरी आकडे लिहून दाखवले, लाखात स्वल्पविराम कुठे देतात तेही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तिचे आकडे आणि शेजारी सीरियाहून नुकत्याच आलेल्या मुलाचे अरबी. त्याला अजून स्वीडिश येत नव्हतं, मागे गप्प बसून असायचा. त्याचा पाच म्हणजे गोल आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका, पोरं वेडीच झाली, सगळा वर्ग त्याच्याकडून आकडे काढायला शिकत होता. मग बाईंनी सांगितलं की आपण लिहितो ते आकडे भारतातून अरबांकडे आणि तिथून युरोपात आले.

आपल्याकडे शाळेत ग्लोबल शिक्षण म्हटलं की जपानचा झेंडा आणि इटलीचा पास्ता. असू दे, त्याला विरोध नाही. पण सोलापुरात घरी तेलुगू बोलणारी मुलं आहेत, जत-अक्कलकोटला कन्नड, मेळघाटात कोरकू, मुंबई महापालिका तर आठ माध्यमांच्या शाळा चालवते. ही मुलं एकमेकांच्या वर्गात कधी जातात का? माढ्याजवळच्या परितेवाडीत डिसले गुरुजींनी हेच आधी केलं, पुस्तकं कन्नड बोलणाऱ्या मुलींच्या भाषेत आणली, आणि भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईनची पोरं ऑनलाइन एकमेकांशी जोडली तीही त्यांनीच. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला म्हणून आपण नाचलो, पण वर्गातल्या पोराच्या भाषेपासून सुरुवात करायची हे त्यातून कोणी उचललं नाही.

ग्रुपवर एकाने विचारलं, मग मराठीचं काय? अरे, मराठी सगळ्या शाळांत सक्तीची आहेच, २०२० चा कायदा आहे, आणि तो असायलाच हवा. इथेही स्वीडिश सगळ्यांना शिकावीच लागते, घरची भाषा त्याशिवाय मिळते, तिने स्वीडिशचं काही बिघडलं नाही. आम्ही पालकांनी फोनाफोनी करून मराठीची पाच मुलं जमवलीत, आता शिक्षक मिळायची वाट बघतोय. मी परक्या देशात मराठीसाठी हक्काने अर्ज करते, मग जतच्या कन्नड पोराने गप्प बसावं असं कोणत्या तोंडाने म्हणू?

ग्रुपमधल्या काहीजणी जिल्हा परिषदेत शिक्षिका आहेत. त्यांना एवढंच सांगितलंय की जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या नोंदवहीला, मातृभाषेचा रकाना असतोच, दाखल्यावरही छापून येतो, पण एकदा भरला की परत कोणी बघत नाही. जूनमध्ये शाळा उघडली की तो रकाना बघा, आणि आठवड्यातून एक तास घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या एका मुलाला फळ्यापाशी बोलवा. त्याला जीआर लागत नाही.