"देऊन टाका, मिटवा" सांगणारा तो मेसेज

"गाडीवर खोटा क्लेम आला तर काय कराल" असा एक मेसेज ठाण्याच्या सोसायटी ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडे तीनदा आला, मी न वाचता सोडला. चौथ्यांदा तो मामांच्या टेबलावर दिसला, चक्क प्रिंट काढलेला, आणि त्याच्या खाली बँकेतून काढून आणलेल्या वीस हजारांचं पाकीट.

मामा वर्तकनगरला राहतात, वय ६८. त्यांना मंगळवारी एकाचा फोन आला की अकरा दिवसांपूर्वी संध्याकाळी सातला कापूरबावडीला तुमच्या वॅगनआरने मला उडवलं, पाय फ्रॅक्चर आहे, वीस हजार द्या नाहीतर केस टाकतो. मामी पहिल्यापासून सांगत होती की त्या दिवशी संकष्टी होती, हे घरीच होते, आम्ही दोघं चंद्रोदयाची वाट बघत बसलो होतो. पण मामा घाबरले होते आणि मेसेज सांगत होता की पैसे देऊन मिटवा, "चूक माझी" असं कागदावर लिहून द्या म्हणजे विषय संपतो, इन्शुरन्स कंपनीला कळवू नका नाहीतर एनसीबी (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जातो, नोटीस आली तर घेऊच नका, रस्त्यात कोणी गाडीसमोर पडलं तर थांबू नका कारण टोळी असते, आणि सीसीटीव्ही कोर्टात चालत नाही. हा सल्ला मानला तर खोट्या क्लेमवाल्याचं अर्धं काम आपणच करून देतो.

पैसे देऊन मिटवा, हे आधी घेते, कारण मामा तेच करणार होते. घरात पॉलिसीचं पुस्तक असेल तर मागच्या पानांवरच्या अटी वाचा. खाजगी गाडीच्या पॉलिसीत ही अट ठरलेलीच असते की कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय तुम्ही चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, देतो असं म्हणायचंही नाही. त्याच्या वरच्याच अटीत लिहिलंय की अपघात झाला की कंपनीला लगेच लेखी कळवायचं आणि क्लेमचं कुठलंही पत्र, नोटीस, समन्स हातात पडलं की ताबडतोब पाठवायचं. मामांच्या पुस्तकात ही दोन्ही वाक्यं मी पेनाने अधोरेखित करून त्यांच्यासमोर ठेवली. वीस हजार दिल्याने समोरच्याचा ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघाताच्या भरपाईच्या कोर्टात, जायचा रस्ता बंद होत नाही, उलट "चूक माझी" हा तुमच्या सहीचा कागद तो तिथे पहिला पुरावा म्हणून लावणार, आणि अट मोडली म्हणून कंपनी तुमच्याशी भांडायला मोकळी. दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी थर्ड पार्टी कव्हरला रकमेची मर्यादा नसते, त्याचेच पैसे आपण दरवर्षी भरतो. ते कव्हर असताना एका फोनवर खिशातून पैसे का काढायचे?

थांबू नका, हा सल्ला तर मला भयंकर वाटतो. समोर पडलेला माणूस खरंच जखमी असेल तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, पोलिसांना कळवणं ड्रायव्हरवर बंधनकारक आहे. जमाव अंगावर येत असेल तर तिथे थांबण्यातून सूट त्याच कलमात आहे, मग सरळ पोलिस स्टेशन गाठा किंवा ११२ लावा. आणि क्लेम खोटा असला तरी तुम्ही निघून गेलात की "धडक मारून पळाला" हे वाक्य त्याला फुकट मिळतं.

एनसीबीचं थोडक्यात. एनसीबी फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर असतो आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतला तरच जातो. थर्ड पार्टीचा प्रीमियम सरकार ठरवतं, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला २०२२ साली ३,४१६ रुपये ठरला होता, तुमच्यावर कोणी क्लेम केला म्हणून तो तुमच्यापुरता वाढत नाही.

नोटीस घेतली नाही तरी ती बजावली असंच धरतात आणि केस तुमच्याशिवाय चालते. तुम्ही लढला नाहीत तर कलम १७० खाली कंपनीला सगळ्या मुद्द्यांवर लढायची परवानगी मिळू शकते हे खरं, पण गाडी त्या दिवशी कुठे होती हे कंपनीला कोण सांगणार?

आता जे खरं आहे ते मान्य करते. टोळ्या असतात. उत्तर प्रदेशात २०१५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने खोट्या अपघात क्लेमच्या तपासासाठी एसआयटी (विशेष तपास पथक) नेमायला लावली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, त्यात वकीलसुद्धा अडकले. ट्रिब्युनलमध्ये फौजदारी केसइतका पक्का पुरावा लागत नाही आणि कायद्याचा कल जखमीकडे असतो, हेही खरं. पण म्हणूनच पुरावा पहिल्या दिवसापासून हातात हवा ना!

मामांच्या सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी) पंधरा दिवसांचंच रेकॉर्डिंग राहतं, फोन अकराव्या दिवशी आला. मी त्याच रात्री सेक्रेटरी काकांना घेऊन केबिनमध्ये बसले. ६:४८ ला वॉचमन मामांच्या बॉनेटवर ठेवलेली पार्सलं उचलतोय, गाडी जागेवर, रात्री दहापर्यंत हललेली नाही. डीव्हीआरचं घड्याळ नऊ मिनिटं पुढे होतं, तेही काकांच्या पत्रात लिहून घेतलं. असं फुटेज कोर्टात चालतं, त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं एवढंच. (फास्टॅगची नोंदही कामाला येते, पण ऐरोली, मुलुंडचा टोल लहान गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, तिकडच्या नोंदीवर विसंबू नका.)

त्याच रात्री कंपनीला मेल केला, सकाळी पोलिस स्टेशनला अर्ज देऊन आमच्या कॉपीवर शिक्का घेतला. खरा अपघात पोलिसांकडे नोंदला असेल तर ४८ तासांत त्याचा पहिला रिपोर्ट ट्रिब्युनलकडे आणि कंपनीकडे जायला हवा, २०२२ पासून तसा नियम आहे. म्हणून मामांना तीन प्रश्न लिहून दिले: पोलिस स्टेशन कोणतं, रिपोर्ट नंबर काय, हॉस्पिटल कोणतं. गुरुवारी परत फोन आला. मामांनी पहिलाच प्रश्न विचारला, समोरचा म्हणाला "नंतर सांगतो." त्यानंतर अजून फोन नाही. उद्या केस टाकलीच तर पेन ड्राइव्ह मामीच्या कपाटात आहे, कंपनीला कळवल्याचा त्यांनी दिलेला इंटिमेशन नंबर फ्रिजवर चिकटवलाय, आणि ते पाकीट मामा शुक्रवारी बँकेत परत भरून आले.